न मेलेल्यांची यादी

इतिहासात एकही दिवस रिकामा गेलेला नाही. कुठे ना कुठे, कुणी ना कुणी, कुणाला ना कुणाला मारलेलं असतंच. जगाला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. नॉर्थ डकोटातल्या हेगलंड गावाच्या नगरसभेच्या मात्र ती २००७च्या डिसेंबरात लक्षात आली, आणि तेव्हापासून गावाला शिस्त लागली.

झालं असं, की सात डिसेंबरला, म्हणजे पर्ल हार्बरच्या दिवशी, नगरभवनासमोरच्या खांबाची दोरी बर्फात गोठून बसली आणि झेंडा शोकासाठी अर्ध्यावर यायच्या ऐवजी दिवसभर टोकालाच फडकत राहिला. एका वृद्ध सैनिकाने निषेधाचं पत्र लिहिलं. नगरभवनाची झाडलोट, बॉयलर आणि झेंडा ही तिन्ही कामं ऑरिन ट्वेटकडे होती. त्याने खुलासा दिला : "दोरी गोठली होती." नगरसभेला हा खुलासा फारच छोटा वाटला. म्हणून एक समिती नेमण्यात आली.

समितीचं नाव दिनविशेष व ध्वज-उंची समिती. अध्यक्ष लव्हर्नबाई शॅफ्नर. त्यांनी गावच्या शाळेत अडतीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावरही तो थांबवला नव्हता. सदस्य दोन : एक नगराध्यक्ष डेल क्विस्ट, ज्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुसरे मर्ल डॉक्टर (डॉक्टर हे आडनाव), ज्यांच्याकडे ट्रक होता. (समितीला ट्रक कशासाठी लागणार होता हे कुणी विचारलं नाही. गावात कुठलीही समिती ट्रकवाल्याशिवाय पूर्ण होत नाही.)

झेंडा अर्ध्यावर आणण्याचा हुकूम खरं तर राष्ट्राध्यक्षांनी किंवा राज्यपालांनी द्यायचा असतो. पण ते दोघेही हेगलंडपासून लांब राहतात, आणि त्यांचं शोकाकडे म्हणावं तसं लक्ष नाही, असं समितीचं मत पडलं. समितीने वर्षाचे तीनशे सहासष्ट दिवस एकेक करून तपासले. त्यासाठी सूत्र ठरवलं : दुःखाचे गुण म्हणजे मृतांची संख्या भागिले घटनास्थळाचं हेगलंडपासूनचं मैलांतलं अंतर. आनंदाचे गुण म्हणजे संकटातून जिवंत परतलेल्यांची संख्या भागिले तेच अंतर. ज्या बाजूचे गुण जास्त, त्या बाजूला झेंडा.

सूत्र शास्त्रीय असल्यामुळे काही निकाल अनपेक्षित लागले. टायटॅनिकला शून्य पूर्णांक चौसष्ट गुण मिळाले. तीन मैलांवरच्या एका गोठ्याला १९२२ साली आग लागली होती आणि तीत एक माणूस व चौदा गाई गेल्या होत्या, त्या गोठ्याला शून्य पूर्णांक ऐंशी. (गाय म्हणजे एक दशांश माणूस, असं मर्ल डॉक्टर यांच्या आग्रहावरून धरण्यात आलं. ते स्वतः गाई पाळत.) शेवटी हिशेब असा जमला : शोकाचे दिवस तीनशे अकरा, आनंदाचे अडतीस, बरोबरीचे सोळा आणि विचाराधीन एक.

गावाला याची इतकी लवकर सवय झाली, की समितीलाही नवल वाटलं. सकाळी कॅफेत शिरताना माणसं आधी खिडकीतून खांबाकडे बघायची.

"आज काय?"

"अर्धा."

"कोण गेलं?"

"काय माहीत. पण बरेच असावेत."

एवढं बोलणं झालं, की माणसं आवाज खाली आणून अंडी मागवत. लग्नं आनंदाच्या अडतीस दिवसांवर येऊन पडली आणि त्यांच्या तारखा दीड-दीड वर्ष आधी भरू लागल्या. एका पाद्रीबुवांनी ईस्टरचं काय ते विचारलं. ईस्टर दर वर्षी तारीख बदलत असल्यामुळे तो ऐतिहासिक शिस्तीत बसत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं.

ऑरिन मात्र काही बोलत नसे. त्याचं काम वाढलं होतं. अर्ध्यावर झेंडा लावायचा म्हणजे तो सरळ अर्ध्यावर नेऊन बांधता येत नाही. आधी तो टोकापर्यंत न्यायचा, तिथे क्षणभर ठेवायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही तेच. पुन्हा टोक, क्षणभर, मग खाली. तीनशे अकरा दिवस तो सकाळी आठ वाजता हे करत होता आणि तीनशे अकरा संध्याकाळी परत. त्रेसष्ट वर्षांच्या खांद्याला इतिहास जड जातो. पण शॅफ्नरबाईंनी त्याला आठवीत शिकवलं होतं, आणि आठवीतल्या बाईंसमोर माणूस कधी त्रेसष्ट वर्षांचा होत नाही.

बोलली ती त्याची बहीण.

आर्डिस ट्वेट त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहणारी. १९५३च्या ऑगस्टमध्ये, ती नऊ वर्षांची असताना, तिला पोलिओ झाला. तेव्हापासून तिच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या आणि काखेत दोन कुबड्या. जीभ मात्र धडधाकट. गावाचं टपाल तिने पोस्टाच्या खिडकीत बसून सत्तावीस वर्षं वाटलं होतं, आणि कुणाला कुणाचं पत्र येतं व कुणाला येत नाही, हे तिला पाठ होतं.

२०१०च्या मार्चमध्ये समितीची यादी नव्याने छापून घरोघर आली. आर्डिसने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली आणि बारा एप्रिलवर बोट ठेवलं.

"ऑरिन, इकडे ये. बारा एप्रिल अर्ध्यावर?"

"यादवी युद्ध सुरू झालं त्या दिवशी. सहा लाखांवर माणसं गेली. चारशे तेरा गुण."

"आणि पोलिओची लस?"

ऑरिनने यादी वाचली. बारा एप्रिलला आनंदाच्या बाजूला एकच नोंद होती : १९६१ साली पहिला माणूस अवकाशात जाऊन जिवंत परतला. गुण शून्य पूर्णांक शून्य शून्य पाच, कारण अवकाश गावापासून सरळ वर दोनशे मैल धरलं होतं. १९८१ साली त्याच तारखेला उडालेल्या अवकाशयानातली दोन माणसं परतली ती चौदा तारखेला, म्हणून त्यांचा आनंद चौदा तारखेला धरला होता. आणि तो त्याच तारखेच्या रात्री हिमनगावर आदळलेल्या टायटॅनिकबरोबर बुडाला होता. १९५५ सालची ती घोषणा, लस सुरक्षित आहे आणि लागू पडते ही, यादीत कुठेच नव्हती.

"राहिलं असेल लिहायचं," ऑरिन म्हणाला.

"लव्हर्नचं आजवर काही लिहायचं राहिलंय?"

ऑरिनला तो दिवस आठवत होता. तो आठ वर्षांचा होता. शाळा चालू असताना लुथरन चर्चची घंटा वाजायला लागली, मग कॅथलिकांची, मग आग लागल्यावर वाजतो तो भोंगा. शाळा सोडून दिली. तो धावत घरी आला तेव्हा आई टेबलाशी बसली होती, हातात भांडी पुसायचं फडकं. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आता तुला पोहायला पाठवता येईल." (पोलिओच्या भीतीने तेव्हा उन्हाळ्यात मुलांना पोहायला सोडत नसत.) आतल्या खोलीत आर्डिस पलंगावर होती. दार उघडं होतं. लस तिच्यासाठी वीस महिने उशिरा आली होती.

"तुला त्या लसीचं एवढं काय गं?" पंचावन्न वर्षांनी त्याने पहिल्यांदाच विचारलं. "तुला काय मिळालं त्यातून?"

"तूही पडला असतास तर मला कॉफी कोणी करून दिली असती?" आर्डिस म्हणाली. "ऊठ. गार झालीये ही."

आर्डिसने समितीकडे अर्ज केला. समितीचं उत्तर आठ दिवसांत आलं. समिती दिरंगाई करत नसे. उत्तरात म्हटलं होतं, की सदर घोषणेमुळे कोणीही मृत झाल्याचे आढळत नाही. सबब दुःखाचे गुण शून्य. तसेच संकटातून जिवंत परतण्यासाठी प्रथम संकटात जाणे आवश्यक आहे. लस घेतलेल्या व्यक्ती संकटात गेल्याच नसल्याने आनंदाचे गुणही शून्य. जे मृत्यू घडलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही कार्यालयात ठेवली जात नाही. अर्जदाराकडे अशी नोंद असल्यास सादर करावी.

दुसऱ्या कुणी हे पत्र चुलीत घातलं असतं. आर्डिसने वही विकत आणली.

पुढचे तीन आठवडे ती कॅफेच्या दाराशी, चर्चच्या पायऱ्यांशी आणि डेल क्विस्टच्या दुकानात खिळ्यांच्या पेट्यांशेजारी खुर्ची टाकून बसली. जो येईल त्याला एकच प्रश्न.

"तुला पोलिओ झालाय?"

"नाही बुवा."

"झाला नाही ना? मग सही कर."

माणसं आधी बिचकली. आपल्याला जे झालं नाही, त्याखाली सही करायची सवय कुणालाच नव्हती. नंतर रांग लागली. मर्ल डॉक्टर यांनी सही केली. (क्रमांक अठ्ठ्याऐंशी. गाईंच्या वतीनेही करू का, असं त्यांनी विचारलं.) एक शेतकरी लंगडत आला तेव्हा जरा पेच पडला, पण त्याचा पाय ट्रॅक्टरखाली गेला होता, असं दोघांनी शपथेवर सांगितल्यावर त्याची सही ग्राह्य धरली. गावात माणसं आठशे बारा. सह्या झाल्या सहाशे चौदा. त्यात क्रमांक दोनशे बारा होता गॅरी शॅफ्नर, वय सत्तेचाळीस, लव्हर्नबाईंचा मुलगा. तो सही करून मुकाट्याने निघून गेला आणि आईला काही बोलला नाही.

वही समितीसमोर आली. समितीने ती स्वीकारली, मोजली, पुन्हा मोजली आणि निर्णय दिला. तो सोप्या भाषेत असा : यादी अचूक आहे. तथापि यादीतील सर्व व्यक्ती अद्याप हयात असल्याने प्रकरण पूर्ण झालेले नाही, आणि अपूर्ण प्रकरणास इतिहास म्हणता येत नाही. संबंधितांनी आपापल्या निधनानंतर नव्याने अर्ज करावा.

आर्डिसने पत्र दोनदा वाचलं. मग घडी करून कॉफीच्या डब्याखाली ठेवलं आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. ऑरिनने तिला आयुष्यात गप्प पाहिलं ते आईच्या मयताला, तेही दुपारपर्यंतच. तीन दिवस म्हणजे फार झालं.

बारा एप्रिल सोमवारी आला. हवेत चांगलाच गारठा होता, कडेकडेला मळका बर्फ, आणि वारा सुटला होता. आठ वाजता ऑरिन खांबाशी गेला. समोरच्या बाकावर आर्डिस आधीच येऊन बसली होती, दोन्ही कुबड्या शेजारी. "घरी बसवेना," ती म्हणाली. "ओढ, काय ओढायचं ते. बघते मी."

ऑरिनने झेंडा चढवला. टोकाला नेला. क्षणभर थांबला.

आणि थांबलाच.

दोरी त्याने खुंटीला बांधली नाही. ती बांधली असती, तर झेंड्याची ती जागा ठरली असती, आणि जागा ठरवायचा अधिकार समितीचा होता. हातात धरून ठेवलेली दोरी म्हणजे फक्त क्षण. क्षण किती मोठा असावा, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं रोज दोनदा हे करताना त्याने त्यावर विचार केला होता, असं त्यानेच पुढे सांगितलं. करण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतंच.

साडेआठला कॅफेच्या खिडकीत माणसं जमली.

"आज काय?"

"वर."

"यादीत तर अर्धा म्हटलंय."

"मग खाली यायचा असेल अजून."

नऊला डेल क्विस्ट दुकान उघडं टाकून आले. त्यांनी आर्डिसकडे पाहिलं, वर झेंड्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "ऑरिन, किती वेळ चालायचं हे?"

"क्षणभर."

नगराध्यक्ष परत गेले आणि कातडी हातमोजे घेऊन आले. लाकूड हाताळायचे, अस्तरवाले. त्यांनी ते ऑरिनच्या हातांत एकेक करून चढवले, दोरी सुटू न देता. त्याला बराच वेळ लागला. त्यांची सही क्रमांक एकतीस.

साडेनऊला लव्हर्न शॅफ्नर आल्या. अंगात तपकिरी कोट, हातात नियमावली. त्या खांबासमोर उभ्या राहिल्या.

"ऑरिन, क्षण संपला."

"नाही बाई, अजून नाही."

"क्षण म्हणजे काय, हे मी तुला आठवीत शिकवलंय."

"बाई, तुम्ही सनावळ्या शिकवल्या. क्षण नाही शिकवला."

कॅफेच्या दारात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. लव्हर्नबाईंनी नियमावली उघडली, उलटसुलट चाळली आणि जाहीर केलं, की समितीची तातडीची बैठक याच जागी होईल व तीत क्षणाची व्याख्या केली जाईल. सभेला निदान दोघं लागत. डेल क्विस्ट म्हणाले, की दुकानात गिऱ्हाईक आहे. आणि तिथेच उभे राहिले. राहिले मर्ल डॉक्टर. ते गर्दीत, स्वतःच्या ट्रकला टेकून उभे होते.

"मर्ल, पुढे या."

"मी इथे नाहीये," मर्ल म्हणाले.

इतिवृत्तात तशी नोंद आहे : सदस्य श्री. डॉक्टर यांनी आपण अनुपस्थित असल्याचे समक्ष सांगितले.

एव्हाना सत्तर-ऐंशी माणसं रस्त्यात जमली होती. कोणी घोषणा दिल्या नाहीत. हेगलंडमध्ये तसं करत नाहीत. माणसं नुसती खिशात हात घालून उभी राहतात आणि हवामानाबद्दल बोलतात. कुणीतरी सांज्याच्या वड्यांसारख्या कापलेल्या गोड वड्यांचा ट्रे आणला. गॅरी शॅफ्नर आला, आईपासून दहा पावलांवर उभा राहिला.

लव्हर्नबाईंनी त्याला पाहिलं. नियमावली मिटून त्या बाकाच्या टोकावर बसल्या, आर्डिसपासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांब. बाक सहा फुटांचा होता.

बऱ्याच वेळाने आर्डिस म्हणाली, "लव्हर्न, एक विचारू?"

"तू विचारायची कधी थांबली आहेस?"

"वेन्डेलचा दिवस कुठला धरलास यादीत?"

वेन्डेल हा लव्हर्नबाईंचा मोठा भाऊ. १९५०च्या हिवाळ्यात तो कोरियात बेपत्ता झाला. कुठे आणि कधी, ते कुणालाच कळलं नाही. सरकारचं पत्र आलं होतं, त्यात महिना होता. तारखेच्या जागी रेघ होती.

"तारीख नसलेल्याला यादीत घेता येत नाही," लव्हर्नबाई म्हणाल्या. आवाज अध्यक्षांचाच होता. "मीच केलाय तो नियम."

"म्हणून तीनशे अकरा दिवस झेंडा खाली आणलास होय? कुठला तरी त्याचा निघेल म्हणून?"

लव्हर्नबाईंनी कोटाची वरची गुंडी लावली. ती लावलेलीच होती; त्यांनी काढून परत लावली.

"टपालात मी बघायचे," आर्डिस म्हणाली, या वेळी जरा हळू. "तुझी आई कितीतरी वर्षं पोस्टात येऊन विचारायची. मी नवीन लागले होते तेव्हाही यायची. मला वाटायचं, हिला काय सांगू. माझा निदान पाय तरी जागेवर आहे. चालत नाही, पण कुठे आहे ते माहीत आहे."

थोड्या वेळाने लव्हर्नबाई सरकल्या. किती, ते सांगता येत नाही; बाक सहा फुटांचा होता आणि दुपारी बारा वाजता दोघींच्या मध्ये फक्त कुबड्या होत्या.

ऑरिनचे खांदे भरून आले होते. मर्ल डॉक्टर, जे तिथे नव्हते, त्यांनी त्याच्या मागे गवताचा एक मोठा गठ्ठा आणून ठेवला. त्यावर तो टेकला. दोरी सोडली नाही. एक वाजता लव्हर्नबाई उठल्या आणि त्याच्याजवळ गेल्या. "हात दुखतायत?"

"क्षणाचं तर काम आहे, बाई."

सव्वादोन वाजता आर्डिसने कुबड्या उचलल्या. "पुरे रे ऑरिन. पाय गोठले माझे, चालणारा पण. आणि मला लघवीला जायचंय."

ऑरिनने झेंडा हळूहळू अर्ध्यावर आणला आणि दोरी बांधली. बोटं सरळ होईनात, म्हणून गाठ गॅरी शॅफ्नरने मारली. लव्हर्नबाईंनी घड्याळ पाहून इतिवृत्तात लिहिलं : क्षण सुरू, सकाळी आठ. क्षण समाप्त, दुपारी सव्वादोन. कारण, नागरिकाची नैसर्गिक गरज. खाली त्यांनी सही केली. गावाला वाटलं होतं, ऑरिनची नोकरी जाणार. त्या ओळीखाली अध्यक्षांची सही पडल्यावर ती जाऊ शकत नव्हती.

पण इतिवृत्तात आलेली गोष्ट हेगलंडमध्ये पायंडा होते. मे महिन्यात नगरसभेने ठराव केला, की यापुढे क्षण म्हणजे सहा तास पंधरा मिनिटे. झेंडा अर्ध्यावर आणण्यापूर्वी एक क्षण टोकाला, उतरवण्यापूर्वी आणखी एक क्षण टोकाला. एकूण साडेबारा तास. दोरी इतका वेळ धरायला माणूस मिळेना, तेव्हा खांबाला दुसरी खुंटी ठोकण्यात आली आणि तिला ठरावाने 'हात' असे संबोधण्यात आले. शोकाचे दिवस अजूनही तीनशे अकराच आहेत. त्यांना कुणी धक्का लावलेला नाही. फक्त झेंडा आता सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच असतो, आणि डिसेंबरात तिकडे उजेडच जेमतेम साडेआठ तास असल्याने हिवाळ्यात शोकाला वेळ उरत नाही. जूनमध्ये उजेड सोळा तास, तेव्हा साडेतीन तास उरतात.

लव्हर्नबाईंनी याला हरकत घेतली नाही. आर्डिसने एकदा कॉफी पिताना कारण विचारलंच. त्या म्हणाल्या, "साडेतीन तास वेन्डेलला पुष्कळ झाले. त्याला एका जागी फार वेळ बसवत नसे."

वाचकहो, ही सगळी परक्या मुलखातली तऱ्हेवाईक माणसं. आपलं तसं नाही. पानिपत कोणत्या साली, कोणत्या दिवशी झालं, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यात किती बांगड्या फुटल्या तेही. आता जरा आठवून सांगा : तुमच्या मुलाच्या तोंडात लसीचे दोन थेंब पडले, तो रविवार कोणता होता? नाही ना आठवत? तो आत्ता शेजारच्या खोलीत धाडधाड पाय आपटत चाललाय. त्याला ओरडून घ्या, आणि काय वाचत होतात ते वाचा.